क्रिओसोट: लाकडाला फासायचं नाही, पाजायचं

पौडच्या पुढे डोंगरउताराला आमचे 20 गुंठे आहेत. 2017 च्या मे महिन्यात तिथे निलगिरीचे 26 डांब गाडून काटेरी तार मारली. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि त्या दिवाळीत शेजारच्यांची म्हैस कुंपणाला पाठ घासायला काय उभी राहिली, सलग चार डांब कडाकड मोडून आडवे. मोडले तेही बरोबर जमिनीलगत. हातात घेऊन बघितलं तर वरचा भाग खणखणीत, मातीत खोल गेलेलं टोकही बऱ्यापैकी शाबूत, आणि मधली चार बोटं म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट.

वाईट याचं वाटलं की मी त्यांना तेल लावलं होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून जळकं ऑइल आणून ब्रशने दोन हात मारले होते, कारण आजूबाजूला सगळे तेच करतात. एक मोडका तुकडा पिशवीत घालून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका जुन्या वखारवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी नखाने टोकरलं, वास घेतला आणि म्हणाले, "हे फासलंय हो. पाजलेलं नाही."

"म्हणजे?"

"रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर बघितलेत ना? ते पाजलेले असायचे. क्रिओसोट."

तर हा लेख त्या पाजण्याबद्दल आहे. क्रिओसोट काय असतं, कुठे वापरायचं, कुठे अजिबात नाही, आणि वापरायचंच असेल तर लाकूड तोडण्यापासून डांब गाडण्यापर्यंत काय काय करायचं. आधीच सांगतो, हे विषारी प्रकरण आहे, आणि निम्म्या वाचकांनी हे वाचून क्रिओसोट न वापरायचं ठरवलं तर मला आनंदच होईल, त्यांच्यासाठी पुढे दुसरे उपाय दिलेत.

हे नेमकं आहे काय

दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला की कोक तयार होतो आणि सोबत काळं घट्ट डांबर निघतं. ते डांबर पुन्हा तापवून त्यातून साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जे जड तेल निघतं ते म्हणजे क्रिओसोट. गडद तपकिरी-काळं, पाण्यापेक्षा जड, पाण्यात न विरघळणारं. वास ओळखीचा आहे आपल्या, कारण आजीच्या ट्रंकेत असायच्या त्या डांबरगोळ्या म्हणजे नॅप्थलीन, आणि ते याच कोळशाच्या डांबरातून निघणारं भावंड. नाव डांबरगोळी का, ते आत्ता कळलं असेल. रस्त्यावर ओततात ते डांबर मात्र आता कोळशाचं नसतं, ते पेट्रोलियममधून येतं, त्यामुळे रस्त्याच्या कामावरून बादलीभर डांबर आणून लाकडाला लावणं म्हणजे क्रिओसोट लावणं नव्हे.

अजून एक घोळ. लाकडाच्या डांबरातूनही क्रिओसोट निघतं, कार्ल रायशेनबाख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात वेगळं काढलं ते हेच, आणि ग्रीक भाषेतल्या मांस आणि राखणारा अशा दोन शब्दांवरून त्याचं नाव पडलं. हे लाकडी क्रिओसोट पूर्वी खोकल्याच्या औषधात असायचं आणि जपानमध्ये पोट बिघडल्यावर घ्यायच्या गोळीत आजही असतं. नेटवर शोधलं की दोन्हींची माहिती एकत्र मिसळून समोर येते आणि माणसाला वाटतं अरे हे तर औषध आहे. नाही. आपण बोलतोय ते कोळशाचं, ते औषध नाही. युरोपात शेगडीच्या धुराड्यात जी काजळी धरते तिलाही ते लोक क्रिओसोटच म्हणतात, तीही वेगळी.

लाकडात ते मुरवायची युक्ती जॉन बेथेल या इंग्रजाची, पेटंट 1838 चं. लोखंडी बंद टाकीत लाकूड ठेवायचं, आधी पंपाने आतली हवा खेचून घ्यायची आणि मग दाबाने तेल आत ढकलायचं, म्हणजे लाकडाच्या पोकळ्या पोकळ्यांत तेल भरून बसतं. पुढे 1902 च्या सुमारास रूपिंग नावाच्या जर्मनाने उलटं केलं, आधी हवा कोंबायची, मग तेल, आणि दाब सोडला की कोंडलेली हवाच जास्तीचं तेल बाहेर ढकलते, म्हणजे तेल तितकंच खोल जातं पण कमी लागतं. आपल्या रेल्वेसाठी पंजाबात धिलवानला, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ क्लटरबकगंजला आणि आसामात नाहरकटियाला असे स्लीपर पाजायचे कारखाने होते. खर्च वाचवायला निम्मं क्रिओसोट आणि निम्मं फर्नेस ऑइल असं मिश्रण वापरायची पद्धतही होती.

आता मुख्य मुद्दा. माझे डांब जमिनीलगतच का मोडले? लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला पाणी पण लागतं आणि हवा पण. खोल मातीत हवा नाही, वर उन्हावाऱ्यात पाणी टिकत नाही, आणि जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात दोन्ही अगदी पोटभर मिळतं. वाळवीही तिथूनच चढते. म्हणजे खरी लढाई त्या एका पट्ट्याची आहे, आणि आपण ब्रश मारतो तो दिसणाऱ्या भागावर. शिवाय ब्रशने तेल जातं दोन-तीन मिलिमीटर. उन्हाने लाकडाला बारीकशी भेग पडली की बुरशी त्या भेगेतून थेट आत. जळकं ऑइल तर बुरशीला मारतही नाही, नुसतं काही दिवस पाणी अडवतं, वर त्यात इंजिनातले जड धातू असतात ते मातीत उतरतात ते वेगळंच.

कुठे नाही, हे आधी

क्रिओसोट ज्यामुळे बुरशीला मारतं त्याच कारणाने ते आपल्यालाही चांगलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी जी संस्था आहे तिने त्याला 2ए गटात टाकलंय, म्हणजे माणसात बहुधा कॅन्सर घडवणारं. युरोपियन युनियनने 2003 पासून घरगुती ग्राहकाला ते विकणं बंद केलं, अमेरिकेतही ते प्रशिक्षित लोकांच्याच हातात आणि रेल्वेचे स्लीपर, विजेचे खांब असल्याच कामांना.

म्हणून माझा नियम असा: घराच्या आत नाही, म्हणजे दार, चौकट, वासे, माळा काही नाही. बाल्कनी, झोपाळा, बाक, मुलांची घसरगुंडी, जिथे कातडी लागणार तिथे नाही. गोठा आणि गव्हाण नाही, जनावरं चाटतात, शेळ्या तर डांब कुरतडतात. भाजीचा वाफा, विहीर, ओढा, पाण्याची टाकी यांच्या जवळपास नाही. मधमाश्यांच्या पेट्यांना नाही. चुन्याच्या किंवा प्लास्टरच्या भिंतीला टेकणारं लाकूड नको, डाग फुटून येतो आणि त्यावर कुठलाही रंग धरत नाही. मग उरलं काय? लांबच्या बांधावरचं कुंपण, डोंगराकडचे डांब, बस. तेवढ्यासाठीच वापरा.

लाकूड: कुठलं, कधी, किती सुकलेलं

सुतार नेहमी सांगतो पांढरं काढून टाका, गाभ्याचं लाकूड घ्या. फर्निचरला ते शंभर टक्के बरोबर. पण तेल पाजायला बरोबर उलटं आहे. गाभा तेल पीतच नाही, पितं ते बाहेरचं पांढरं. त्यामुळे चिरलेला चौकोनी डांब घेण्यापेक्षा अख्खा गोल डांब घ्या, त्याला चहूबाजूंनी पांढऱ्याचं कडं असतं, ते तेल पिऊन बसतं आणि आतल्या गाभ्याला चिलखत मिळतं. हे मला कळायला एक अख्खं कुंपण गेलं.

सागाचा गाभा मुळातच टिकाऊ, त्याला पाजायची गरजही नाही आणि तो पीतही नाही. निलगिरी, सुबाभूळ, सुरू, आंबा, ही पाजायची लाकडं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा कसा मोजतात माहितीये? लाकडाचे तुकडे रांगेने अर्धे जमिनीत गाडून ठेवतात आणि वर्षानुवर्षं बघत बसतात कुठला कधी कुजतो. दिसतं अगदी कबरस्तानासारखं आणि इंग्रजीत त्या चाचणीला नावही तेच आहे. त्यावरून लाकडाचे तीन वर्ग केलेत: सरासरी 120 महिने किंवा जास्त टिकणारं, 60 ते 120 महिने टिकणारं, आणि 60 महिन्यांच्या आत जाणारं. हे सगळं आयएस 401 या भारतीय मानकात आहे, ज्याला खोलात जायचंय त्याने ते मिळवून वाचा.

वेळापत्रक पुण्याच्या हवेला धरून सांगतो. तोड दिवाळीनंतर. तोडल्या तोडल्या साल काढायची, निलगिरीची साल ओली असताना केळ्यासारखी निघते आणि वाळल्यावर कोयत्याने तासत बसावं लागतं. सालीचा एकही पट्टा ठेवू नका, तेवढ्या जागी तेल शिरत नाही. मग सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून रचायचं. निलगिरी उन्हात टाकली की टोकाला तडतडून फाटते. असं चार-पाच महिने. होळीनंतर तपासायला लागा, एप्रिल-मे मध्ये पाजा, आणि मृगाआधी गाडून मोकळे व्हा.

सुकलंय का हे हाताने कळत नाही, निदान मला तरी कळत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ओटीजी लागतो. एका डांबाच्या टोकापासून फूटभर आत जाऊन दोन बोटं जाडीची चकती कापा (अगदी टोकाची नको, टोक आधीच वाळलेलं असतं), लगेच वजन करा, मग ओटीजीत साधारण 103 अंशावर ठेवून दर तासाला वजन करत राहा, वजन उतरायचं थांबलं की झालं. समजा ओली 250 ग्रॅम होती आणि वाळून 200 झाली, तर 50 ग्रॅम पाणी गेलं, त्याला वाळलेल्या वजनाने भागा, 25 टक्के. 25 च्या वर असेल तर अजून थांबा, कारण लाकडात पाणी बसलेलं असेल तर तेलाला जागाच नाही. आमच्या घरी नानकटाईच्या ट्रेमध्ये निलगिरीची चकती बघून जे काही बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पण हे कोऱ्या लाकडाचंच करायचं हं, तेल लागलेला तुकडा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतसुद्धा नको.

आणि जे काही कापायचं, भोकं पाडायची, तारेसाठी खाचा मारायच्या, वरचं टोक पाणी ओघळायला तिरकं छाटायचं, ते सगळं पाजायच्या आधी. पाजल्यावर कापलंत की आतलं कोरं लाकूड उघडं पडलं.

विकत घेताना

रसायनांच्या ठोक व्यापाऱ्याकडे क्रिओसोट ऑइल मागा, लाकडासाठीच्या क्रिओसोटचं भारतीय मानक आयएस 218 आहे, तेही विचारा. काळ्या तेलाच्या नावाखाली काहीही हातात पडू शकतं म्हणून एक सोपी परीक्षा. काचेच्या जुन्या बरणीत पाणी घ्या, चार थेंब टाका आणि काडीने ढवळा. वर तरंगत राहिलं तर ते जळकं ऑइल किंवा तसलंच काहीतरी. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर ते काळं फिनेल, वास जवळपास सारखाच असतो त्यामुळे फसायला होतं. तळाशी तेलकट थेंब बसले तर तुम्ही बरोबर दुकानात आलात. थंडीत घेतलंत तर डब्याच्या तळाशी साखर बसल्यासारखे खडे दिसतील, ते नॅप्थलीन वगैरे थिजलेलं असतं, माल खराब नाही, ऊन लागलं की विरघळतं.

पाजणं

कारखान्यातला दाब आपल्याकडे नाही. जुनी पद्धत होती गरम-थंड टाकीची: उघड्या टाकीत तेलात लाकूड ठेवून 90 अंशाच्या आसपास काही तास तापवायचं, लाकडातली हवा फुगून बुडबुडे निघून जाते, मग तसंच थंड होऊ द्यायचं, आत राहिलेली हवा आकसते आणि तेल खेचून घेते. म्हणजे तेल शिरतं ते तापताना नाही, थंड होताना. ही युक्ती फार हुशार आहे, पण घरच्या घरी करू नका. तीन दगडांवर पिंप, खाली जाळ आणि वर शंभर लिटर पेटणारं तेल, त्याच्या वाफा नाकात, हे मी करणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. आपण थंड पाजायचं, फक्त वेळ जास्त द्यायचा.

डांब 7 फुटी, त्यातला 2 फूट जमिनीत जाणार. तेल चढायला हवं अडीच फुटांपर्यंत, म्हणजे जमिनीलगतचा तो पट्टा अर्धा फूट वरपर्यंत झाकला गेला. सगळा डांब पाजायची गरज नाही, वरच्या भागाला शेवटी ब्रश चालतो. 200 लिटरच्या पिंपात 4 इंची दहा डांब उभे केले तर अडीच फुटांपर्यंत यायला 130 लिटरच्या आसपास तेल ओतावं लागतं, आणि शेवटी त्यातलं बरंचसं उरतं, मग ते ठेवायचं कुठे ही नवी डोकेदुखी. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून 8 इंची लोखंडी पाइपाचे अडीच-पावणेतीन फुटी तुकडे खालून पत्रा मारून वेल्ड करून घेतले. एका पाइपात एक डांब, 17-18 लिटरमध्ये काम. पाइपात आधी पाणी भरून रात्रभर ठेवून गळत नाही ना बघा, आणि मग पूर्ण कोरडे करा. पीव्हीसी पाइप वापरू नका, हे तेल त्याला मऊ करतं. पाइप अर्धा फूट मातीत रोवून आधाराला बांधायचे, कलंडले तर सगळं रानात. शेजारी पोतंभर भुसा ठेवा, सांडलं तर टिपायला.

अंगावर काय घालायचं यात मी स्वतः शहाणपणा केला होता त्याची गोष्ट ऐका. हातमोजे होते, पण बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डांब सोडताना तेल उडालं, मनगटाच्या वर चार-सहा थेंब. पुसलं कापडाने आणि दुपारपर्यंत उन्हात काम चालू. संध्याकाळी तिथे आग आग, दुसऱ्या दिवशी बिब्बा उतल्यासारखी कातडी, आणि काळा डाग गेला कधी तर पुढच्या उन्हाळ्यात. क्रिओसोट लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते, नुसत्या तेलाने होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे काम सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, सावलीत, पण मोकळ्या हवेत. नायट्राइलचे लांब हातमोजे, पूर्ण बाह्या, फुल पँट, बूट, डोळ्यांना गॉगल, आणि तोंडाला रंगकामवाले वापरतात तो सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क. रुमाल बांधून काही होत नाही. लागलंच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, रॉकेल किंवा थिनरने पुसू नका, ते विष पातळ करून आणखी आत पोचवतात. तंबाखू, विडी, चहा सगळं हात धुतल्यावर. कपडे वेगळे धुवायचे, शक्यतो टाकूनच द्यायचे. लहान मुलं आणि कुत्री त्या दिवशी प्लॉटवर आणू नका.

डांब सोडायच्या आधी ताणकाट्याला लटकवून वजन करा आणि खडूने त्यावर लिहा. मी दुपारी उशिरा सोडायचो, पाइप दिवसभर तापलेले असतात, रात्री गार होतात, त्या गरम-थंड टाकीचा थोडासा फायदा फुकटात मिळतो असं माझं मत. वरून पत्रा झाका, पाऊस आणि पालापाचोळा नको. सात दिवस ठेवले. पहिल्या दोन दिवसांत पातळी उतरते, तेवढं तेल वरून घालत राहायचं. सातव्या दिवशी डांब उचलून पाइपावरच आडवी काठी घालून तासभर निथळू द्यायचा आणि मग परत वजन. माझे डांब सरासरी अर्धा ते पाऊण किलोने वाढले. तीन असे निघाले की 200 ग्रॅमसुद्धा प्यायले नव्हते. एकाची साल राहिली होती, दोन बहुतेक नीट वाळले नव्हते, ते तिन्ही पुन्हा सुकवून दुसऱ्या फेरीत घातले. हे वजन करणं कंटाळवाणं आहे पण तेच सांगतं की पाजलं की नुसतं बुडवलं.

मग वरच्या भागाला ब्रशने दोन हात, पहिला मुरल्यावर दुसरा, आणि वरच्या छाटलेल्या टोकाला तीन, कारण लाकूड टोकातूनच जास्त पितं. यानंतर तीन-चार आठवडे सावलीत. बोट लावल्यावर (मोज्यातलं) चिकट लागत नाही तोपर्यंत गाडायचं नाही. उरलेलं तेल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात विष लिहून, कुलपात. गटारात, ओढ्यात किंवा खड्डा करून मातीत ओतायचं नाही. हे पाण्याच्या तळाशी जाऊन बसतं आणि बसूनच राहतं. भिजलेला भुसाही जाळायचा नाही.

गाडणं

खड्डा अडीच फूट, तळाशी अर्धा फूट खडी, त्यावर डांब, बाजूने मुरूम थोडा थोडा टाकत पहारीच्या बुडाने ठोकत यायचं. काँक्रीटचा पेला करू नका, लाकूड आकसलं की काँक्रीट आणि डांबाच्या फटीत पाणी साचून राहतं, कुजायला याहून चांगली जागा नाही. वर मातीचा उंचवटा, पाणी डांबापासून लांब पळालं पाहिजे. पुण्यात वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस, पण मुळशीकडे, ताम्हिणीच्या बाजूला जितकं सरकाल तितका तो कित्येक पट होत जातो, तिकडे हा उंचवटा दर मे महिन्यात नवा करावा लागतो. तारेचे खिळे, यू-पिना खुशाल मारा, क्रिओसोटने लोखंड गंजत नाही, फक्त मारलेल्या जागी एक थेंब तेल लावा.

जुने स्लीपर

हल्ली फार्महाऊसवाल्यांमध्ये याची फॅशन आहे. रेल्वेने काँक्रीटचे स्लीपर घातले आणि काढलेले लाकडी भंगारातून फिरत फिरत आपल्याकडे येतात, ब्रॉडगेजचा असेल तर साधारण 9 फूट लांब, 10 इंच रुंद, 5 इंच जाड. सगळेच पाजलेले नसतात, साल नावाच्या झाडाच्या किंवा सागाच्या लाकडाचे कोरेही असायचे. ओळखायचं असं: दुपारच्या उन्हात ठेवा, काळे चिकट थेंब फुटतात का बघा, आणि पटाशीने एक ढलपी काढून वास घ्या. डांबरगोळीचा वास आला की तो पाजलेला. 50 वर्षं झाली तरी आत तेल असतं. असा स्लीपर पार्किंगच्या कडेला, उताराची माती अडवायला ठीक आहे. त्याचं डायनिंग टेबल करून देणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार करून निघून यायचं. करवतीने कापायचाच असेल तर उघड्यावर, मास्क लावून, आणि भुसा गोळा करून.

जाळायचा तर कधीच नाही. आमच्या ओळखीत एका शेतावर हुरडा पार्टी होती, कुणीतरी स्लीपरचे कापलेले तुकडे छान जळतात म्हणून आगटीत टाकले. छान जळतातच, तेलच आहे ते. काळा धूर, सगळ्यांचे डोळे चुरचुरले, आणि त्याच धगीत भाजलेली कणसं आम्ही लसणाच्या चटणीबरोबर खाल्लीसुद्धा दोन-दोन मुठी, कारण यजमानांना वाईट वाटायला नको. तेव्हा मला एवढं माहीत नव्हतं. आता असतं तर सरळ उठलो असतो.

क्रिओसोट नको असेल तर

बऱ्याच जणांना खरंच नको. कुंपणाला लाकूडच हवं असा हट्ट नसेल तर सिमेंटचे खांब किंवा लोखंडी अँगल, विषय संपला. लाकूडच हवं तर कारखान्यात दाबाने औषध भरलेले हिरवट डांब मिळतात, त्यात तांब्याचे क्षार असतात, काहींत क्रोमियम आणि आर्सेनिकही असतं, त्यामुळे तेही जाळायचे नाहीत आणि भाजीच्या वाफ्याला लावायचे नाहीत.

घरातल्या लाकडाला आणि बांबूला बोरिक-बोरॅक्स. प्रमाण 1 भाग बोरिक ॲसिडला दीड भाग बोरॅक्स. 1 किलो बोरिक, दीड किलो बोरॅक्स आणि साडेसत्तेचाळीस लिटर पाणी, म्हणजे 5 टक्क्यांचं द्रावण झालं. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. बांबूच्या मधल्या गाठी लांब सळईने फोडून आठवडाभर बुडवून ठेवायचा, मग सावलीत उभा करून वाळवायचा. वास नाही, रंग नाही, वर पॉलिश धरतं. पण हे पाण्यात विरघळतं म्हणजे पावसात धुऊनही जातं, त्यामुळे छपराखालीच, मातीत गाडायच्या लाकडाला नाही. आणि निरुपद्रवी समजून मुलांच्या हाताशी ठेवू नका, पोटात जाणं वाईटच.

कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते चांगलं आहे, पण काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, तेव्हा अंगावर उततं हे लक्षात ठेवा. टोक जाळून काळं करून गाडायची पद्धत मी करून पाहिली, कोळशाचा थर कुजत नाही हे खरं, पण त्याला तडे जातात आणि बुरशी आत पोचतेच. फार फरक पडला नाही.

तपासणी

दरवर्षी दिवाळीच्या आसपास, जमीन अजून थोडी ओली असताना, डांबाच्या बुडाची माती वीतभर उकरायची आणि जाड स्क्रूड्रायव्हर चहूबाजूंनी दाबून बघायचा. टणक लागला तर माती लोटून पुढे. मऊ घुसला तर तेवढं खरवडून, वाळवून, दोन हात तेल, आणि तरीही तो डांब वहीत लाल पेनाने. उभा डांब वरून हलवून काही कळत नाही, तार त्याला धरून ठेवते.

2019 च्या मे मध्ये पाजलेले 26 डांब गाडले तेव्हा त्यांच्या मधोमध मी एक मुद्दाम कोरा डांब गाडला, त्याच तोडीतला, त्याच जाडीचा, फक्त तेल नाही. तो तिसऱ्या दिवाळीला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गिळून बसला. त्याच्या डाव्या-उजव्या हाताच्या डांबांवर आत्ताच्या दिवाळीत स्क्रूड्रायव्हरचं टोक फक्त टकटक वाजलं. 26 पैकी एक गेला, आणि वही उघडून बघितली तर तो त्या तीन न प्यायलेल्यांपैकीच होता.